टेम्पेस्ट, एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर: तेरा आयपींचा हिशेब

टेम्पेस्ट (ओपनस्टॅक या क्लाउड उभारायच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टचा संच) काय करतं, स्टेस्टर (त्या टेस्ट चालवणारं साधन) कुठे येतो, टेम्पेस्ट डॉट कॉन्फमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) काय भरायचं हे माहीत आहे असं धरून थेट मुद्द्यावर येतो. हा अनुभव बेळगावात, उद्यमबागेतल्या छोट्या लॅबचा आहे. तीन जुने रॅक सर्व्हर, एक कंट्रोलर (कारभार बघणारा) आणि दोन कॉम्प्युट (व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारे), त्यावर ओपनस्टॅक. मोठ्या डेटा सेंटरवाल्यांना यातल्या निम्म्या अडचणी दिसणारही नाहीत.

आधी गाऱ्हाणं. पावसाळ्यात आपल्याकडे रात्री लाइट जाते, बॅटरी संपते आणि रन (टेस्टची फेरी) मध्येच मरतो. दुसऱ्या दिवशी नवा रन लावला की पहिल्या काही मिनिटांत लालच लाल, म्हणजे नापास. गंमत म्हणजे लाल झालेल्या क्लासेसचा (टेस्टच्या गटांचा) एकमेकांशी संबंध नसतो, आणि टेस्टच्या कोडमधली एक ओळही चाललेली नसते. सगळं सेटअप क्रेडेन्शियल्सच्या (टेस्टसाठी खाती तयार करण्याच्या) टप्प्यावरच पडलेलं असतं. लॉग खाली वाचत गेलात की न्यूट्रॉनचा (ओपनस्टॅकच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाचा) निरोप सापडतो: नेटवर्कवर आयपी शिल्लक नाहीत.

हिशेब असा आहे. एक्स्टर्नल (बाहेर जोडणाऱ्या) नेटवर्कला /२८ चा सबनेट (पत्त्यांचा गट) दिला तर १६ पत्ते. त्यातले दोन वापरता येत नाहीत, एक गेटवेचा, उरले १३. डायनॅमिक क्रेडेन्शियल्स (दर वेळी नवी खाती) चालू असताना (डीफॉल्ट तेच आहे) नेटवर्क लागणाऱ्या प्रत्येक क्लाससाठी टेम्पेस्ट नवा प्रोजेक्ट, नवा युजर, नवं नेटवर्क आणि नवा राउटर बनवतं. राउटरला बाहेरचा गेटवे जोडला की तो त्याच १३ मधला एक पत्ता खातो. फ्लोटिंग आयपी (व्हीएमला बाहेरून गाठायचे पत्ते) त्याच्या वर वेगळे. क्लासला दुसरा युजरही लागत असेल तर राउटर दोन. म्हणजे चार वर्कर (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रिया) लावले की नुसत्या राउटरांनाच आठ पत्ते जाऊ शकतात, तेही सगळं सुरळीत असताना. त्यात रात्री मेलेल्या रनचे राउटर आपापले पत्ते धरून बसलेलेच असतात.

वर्करचा आकडा तर मुद्दाम लिहावाच लागतो. कन्करन्सी (वर्करची संख्या) दिली नाही तर स्टेस्टर मशीनवर जितके सीपीयू दिसतील तितके वर्कर सोडतो. २० कोअरच्या जुन्या सर्व्हरवर हायपर-थ्रेडिंग चालू असेल तर ४०. दोन कॉम्प्युट नोडना हे झेपत नाही, व्हीएम बिल्डमध्येच अडकतात आणि ३०० सेकंदांचा बिल्ड टाइमआउट उलटतो. अशा लॅबला दोन किंवा तीन पुरे. एका क्लासच्या टेस्ट एकाच वर्करवर एकामागून एक चालतात, त्यामुळे वर्कर वाढवले तरी सर्वांत लांब क्लासपेक्षा कमी वेळात रन संपत नाही. वेळ कुठे जातो ते स्टेस्टर स्लोएस्ट दाखवतो. आधी ते बघा, मग वर्कर वाढवा.

पत्ते कमी पडतात म्हटल्यावर इंटरनेट देणाऱ्याकडून स्टॅटिक आयपीचा मोठा ब्लॉक घ्यायचं मनात येतं. इथल्या एका पुरवठादाराने त्याचं दरमहा भाडं असं सांगितलं की त्यात वर्षभरात रॅम दुप्पट झाली असती. घेऊ नका. टेस्टच्या फ्लोटिंग आयपीला इंटरनेटवर दिसायची गरजच नाही, टेम्पेस्ट जिथून चालतं त्या मशीनवरून तो पोचला की झालं. डेव्हस्टॅक (ओपनस्टॅक चटकन उभारून बघायच्या स्क्रिप्ट) १७२.२४.४.० चा /२४ वाला खाजगी रेंज वापरतं, तोच घ्या आणि टेम्पेस्टच्या त्या मशीनवर एक रूट टाका. खर्च शून्य.

तो बदल केल्यावर हे परीक्षण ‘अडचण सुटली’ एवढ्यावर थांबलं असतं. पण मत बदललं. पत्ते भरपूर झाल्यावर गळती थांबत नाही, फक्त उशिरा कळते. अर्धवट राहिलेले प्रोजेक्ट आठवडेच्या आठवडे साचतात, व्हीएम रॅम धरून ठेवतात आणि एके दिवशी शेड्युलर (व्हीएम कुठे ठेवायचा ते ठरवणारा) ‘नो व्हॅलिड होस्ट’, म्हणजे जागा नाही, म्हणतो. तेव्हा कुठल्या रनची घाण आहे ते शोधणं फार जड जातं. म्हणून रेंज खाजगीच ठेवून अ‍ॅलोकेशन पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) पुन्हा मुद्दाम लहान केला आहे. पत्ते संपणं हा सर्वांत स्वस्त धोक्याचा इशारा आहे.

साफसफाईचं हत्यार टेम्पेस्टमध्येच आहे. पहिल्या रनआधी टेम्पेस्ट क्लीनअप ‘इनिट सेव्हड स्टेट’ देऊन चालवायचं. त्या वेळी असलेल्या सगळ्या गोष्टींची नोंद होते आणि पुढच्या क्लीनअपमध्ये त्या वाचतात. नोंद घेतल्यानंतर कुणी हाताने व्हीएम बनवला असेल तर तोही उडेल, म्हणून आधी ड्राय रन (काही न उडवता नुसती यादी) आणि त्याची फाइल डोळ्यांखालून घालणं सक्तीचं. नव्या आवृत्त्यांत प्रीफिक्सचा पर्याय आहे, ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावांनाच हात लावतो. सामायिक लॅबला तोच बरा. हातानेच साफ करायची वेळ आली तर आधी व्हीएम, मग फ्लोटिंग आयपी, राउटरचा गेटवे आणि इंटरफेस, राउटर, नेटवर्क, आणि प्रोजेक्ट सर्वांत शेवटी. प्रोजेक्ट आधी काढलात तर बाकी सगळं निनावी पडून राहतं. टेम्पेस्टने प्रोजेक्टच्या नावात क्लासचं नाव घातलेलं असतं, गळती कुणाची ते त्यावरून लगेच कळतं. ही सोय मला फार मोलाची वाटते.

रोजच्या रनसाठी आता अकाउंट्स फाइल, म्हणजे आधीच बनवलेल्या खात्यांची यादी. वर्करच्या दुप्पट खाती लागतात, म्हणजे दोन वर्करला चार, आणि प्रत्येकाचा प्रोजेक्ट वेगळा. नेटवर्क-राउटर एकदाच बनतात, त्यामुळे गेटवेचे पत्ते चारच, कायमचे ठरलेले. डायनॅमिक क्रेडेन्शियल्स फक्त रविवारच्या पूर्ण रनला.

मांडणी सोपी ठेवली आहे: प्रत्येक पॅचला (कोडमधल्या बदलाला) स्मोक (मोजक्या मूलभूत टेस्ट), रात्री सिनारिओ (प्रत्यक्ष वापरासारख्या अनेक टप्प्यांच्या टेस्ट), रविवारी सगळं आणि स्लो खुणेच्या टेस्टही. होस्ट अ‍ॅग्रिगेटसारख्या (कॉम्प्युट सर्व्हरांचे गट) सगळ्या क्लाउडला धक्का लावणाऱ्या टेस्ट सीरियल (एकट्याने चालणाऱ्या) म्हणूनच हव्यात. एक्सक्लूड लिस्टमध्ये प्रत्येक ओळीपुढे वगळण्याचं कारण लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी ती ओळ काढायचं धाडस कुणाला होत नाही. स्वतःच्या टेस्ट प्लगइनमध्ये (वेगळ्या जोडणीत) ठेवा, टेम्पेस्टच्या मूळ कोडला हात लावू नका. रिसोर्स बनवल्याच्या लगेच खालच्या ओळीत त्याचं क्लीनअप नोंदवा. क्लीनअप उलट्या क्रमाने चालतात, त्यामुळे क्रम आपोआप बरोबर येतो.

सिरॉसचा (टेस्टसाठीच्या छोट्या लिनक्सचा) व्हीएम सुरू झाला पण एसएसएच लागत नसेल तर कन्सोल लॉग बघा. तिथे ‘फेल्ड’ २० पैकी २० दिसलं तर मेटाडेटा सर्व्हिस (व्हीएमला त्याची माहिती आणि की देणारी सेवा) पोचत नाही. एसएसएच टाइमआउट वाढवून काही साधणार नाही.

आपल्या भागात एक टेस्ट स्वतः लिहायलाच हवी. इथले वापरणारे व्हीएमला मराठीत किंवा कन्नडमध्ये नाव देतात. नोव्हा (ओपनस्टॅकचा व्हीएम सांभाळणारा भाग) ते नाव स्वीकारतं, पण होस्टनेममध्ये ती अक्षरं चालत नाहीत म्हणून ‘सर्व्हर’ आणि पुढे यूयूआयडी (लांबलचक ओळख क्रमांक) असं होस्टनेम देतं. मॉनिटरिंग होस्टनेमवर चालत असेल तर तिथे गोंधळ होतो. देवनागरी आणि कन्नड, दोन्ही नावांनी व्हीएम बनवून आतलं होस्टनेम तपासणारी सिनारिओ टेस्ट पंधरा-वीस ओळींत होते, तिला स्मोकची खूण लावा.