जुन्या कोस्टरचं नूतनीकरण: बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपचं काम कसं आहे?

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या पार्कवाल्यांनी जुना फॅमिली कोस्टर (लहान-मोठ्यांना एकत्र बसता येईल असा सौम्य रोलर कोस्टर) सुधारून घ्यायचा असेल तर या वर्कशॉपचं चाकांचं काम आवर्जून बघावं. प्रत्येक संचात तीन प्रकारची चाकं असतात: भार पेलणारं, बाजूचं आणि डबा रुळावरून उचलू न देणारं खालचं. तिन्हींचं झिजलेलं पॉलियुरेथेन (रबरासारखं चिवट प्लास्टिक) काढून, धातूचा गाभा सँडब्लास्ट करून म्हणजे वाळूच्या माऱ्याने घासून, चिकटण्यासाठी प्रायमर मारून नवीन थर ओतला आहे. गाभ्यावर तेलाचा अंश राहिला की तापलेला थर सुटून येतो. बहुतेक ठिकाणी काम इथेच फसतं. इथे ते नेटकं झालंय.

घर्षणाच्या ब्रेकऐवजी चुंबकी ब्रेक बसवले, हाही निर्णय उत्तम. बेळगावच्या पावसात ओले पॅड घसरतात, चुंबकाला पाण्याने फरक पडत नाही. मात्र वेग घटला की त्याचा जोरही घटतो, डबे पूर्ण थांबत नाहीत. म्हणून स्टेशनवर हवेच्या दाबाचे ब्रेक ठेवलेत ते बरोबरच.

खटकलं एकच, पण मोठं. नवे सेफ्टी बार जड आहेत, तरी डबे चढावर ओढणारी चेन, मोटर आणि रुळांवरच्या वाढीव भाराचा हिशोब कागदावर दिलेला नाही. अमेरिकेत टेक्सास जायंट या लाकडी कोस्टरला पोलादी रूळ बसवून २०११ मध्ये तो पुन्हा सुरू केला, तेव्हा गाड्याही नव्या घेतल्या होत्या; म्हणजे एक भाग बदलताना बाकीच्यांचाही विचार करावा लागतो. हिशोब हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. चाचणी रिकाम्या आणि वाळूच्या पोत्यांनी भरलेल्या, दोन्ही गाड्यांवर करून घ्या.