जहांगीर की समोरचे संग्रहालय?
मुंबईच्या काळा घोडा परिसरात हाताशी एकच दुपार असेल, तर १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी आणि १९९६ पासून जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये असलेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय यांतून निवड करावी लागते. जहांगीरमध्ये प्रवेश विनामूल्य असून प्रदर्शने साधारण दर आठवड्याला बदलतात; बहुधा चित्रकार स्वतःच चित्राशेजारी उभा असतो आणि रंगाचा थर कसा चढवला हे विचारले, तर हौसेने सांगतो. दर्जा मात्र लागूनच्या दोन दालनांतही सारखा नसतो. संग्रहालयाला तिकीट आहे, सोमवारी सुट्टी. पण सिंहावलोकनी प्रदर्शन असेल, तर जिन्याने घुमटाकडे चढताना एखाद्या चित्रकाराची उभी कारकीर्द उलगडते. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तरीही जहांगीरच सुचवेन.