बोटीच्या आइसबॉक्समध्ये एक्सपीएसच्या नावाखाली थर्माकोल

माझ्या बोटीत कॉम्प्रेसरने थंड होणारा आइसबॉक्स बनवणाऱ्या कारागिराशी ठरलं होतं ते असं: चारी बाजूंना आणि तळाला उष्णता अडवायला 100 मिलिमीटर एक्सपीएस (थर्माकोलसारखाच, पण मणी नसलेला सलग, घट्ट फोम), 50-50 चे दोन थर, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, वरून इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) आणि फायबरग्लास. बसवलं काय? 50 मिलिमीटर थर्माकोल आणि मागे नुसती पोकळी. निळा एक्सपीएस लावला तो फक्त झाकणाच्या कडेला, माझी नजर जाईल तेवढ्याच भागात. पैसे 70 टक्के आगाऊ, 20 टक्के फायबरग्लास चढल्यावर. म्हणजे 90 टक्के रक्कम त्याच्या खिशात गेली तोवर फोम कायमचा झाकला गेला होता. ही लबाडी याच क्रमावर चालते, हे तुम्हाला सांगायला नको.

कापाकापी चालू होती तेव्हा केबिनभर पांढरे मणी पसरले होते. हाताला, कपड्यांना चिकटत होते. एक्सपीएस कापताना असे मणी पडतच नाहीत. मी विचारलंही. “कॉम्प्रेसरच्या खोक्यातलं पॅकिंग आहे,” म्हणाला. खोकं खरंच समोर उघडं पडलं होतं, मग अविश्वास कशाच्या जोरावर दाखवायचा? पण एवढे मणी त्या एका खोक्यातून येणं शक्यच नव्हतं, आणि हे आठवलं की आजही अंगाची लाही होते. एक तुकडा मोडून पाहा. थर्माकोल मण्यामण्यांनी सुटतो, एक्सपीएस सलग तुटतो, पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा पिवळसर भुगा होतो. दोन सेकंदांचं काम.

बिलात इपॉक्सी लिहिलं आणि वापरलं पॉलिएस्टर रेझिन. त्यातल्या स्टायरीन या द्रावकाने थर्माकोल विरघळतो, एक्सपीएससुद्धा. नाकात झोंबणारा वास केबिनमध्ये भरून राहिला होता. “सुकलं की जाईल,” हे उत्तर. पेटी फोडली तेव्हा थर्माकोलमध्ये जागोजागी खड्डे पडलेले आणि उरलेला ओला. पाणी कोरड्या फोमच्या जवळजवळ वीसपट उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला फोम असून नसल्यासारखाच. बाहेरच्या म्हणजे उबदार बाजूला बाष्परोधक थर (हवेतली वाफ आत शिरू न देणारा) हवा, तोही नव्हता.

हिशेब ऐका. भिंतींचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, आत 5 अंश, बाहेर 30. ठरलेला फोम असता तर भिंतींतून येणारी उष्णता दिवसाला साधारण 3 किलो बर्फ खाते. 50 मिलिमीटर थर्माकोल, तोही कोरडा धरला, तरी 7 किलोंच्या वर. कॉम्प्रेसर थांबतच नव्हता, बॅटरी उतरत होती, आणि हा मला झाकणाचं गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) बदलायला सांगत होता!

चकचकीत फॉइल दाखवून “यामुळे जाडी कमी चालते” म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. समोर हवेची फट नसेल तर त्या फॉइलचा उपयोग जवळपास शून्य.

तक्रार घेऊन गेलो तर पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. ग्राहक तक्रार विभागाने विचारलं, फोम कमी दर्जाचा होता हे कशावरून? ओले तुकडे टेबलावर ठेवले. म्हणे तज्ज्ञाचा अहवाल आणा, स्वतःच्या खर्चाने. बोटींची तपासणी करणाऱ्या कार्यालयाने हात झटकले: आम्ही सुरक्षितता बघतो, फ्रीज नाही. अहवाल घेऊन परत गेलो तर आक्षेप असा की पेटी तुम्हीच फोडलीत, मूळ स्थिती राहिली नाही. न फोडता आतला फोम दाखवायचा कसा, हे त्यांनी सांगावं! प्रत्येक टेबलावरचा माणूस पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि तो ठग तेवढ्यात दुसऱ्या बोटीवर काम घेतो.

बिलात फोमचा प्रकार, जाडी, घनता आणि रेझिन लिहून घ्या. “मरीन ग्रेड फोम” एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. फायबरग्लास चढण्याआधी मोजपट्टी लावून प्रत्येक बाजूचा फोटो स्वतः काढा, त्याने पाठवलेला नको. कापलेला एक तुकडा जपून ठेवा. आणि मोठी रक्कम अडकवून ठेवा: कॉम्प्रेसर बंद, पेटीत मोजून बर्फ, झाकण लावून 24 तास. उरलेला बर्फ वजन करून बघितल्याशिवाय ती सोडू नका.