रविवारी रात्री टीव्हीवर काय लावायचं: ‘सुपरमॅन’ की ‘फॅन्टॅस्टिक फोर’?

२०२५च्या जुलैमध्ये दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन सुपरहिरो सिनेमे आले: जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ आणि मॅट शॅकमनचा ‘द फॅन्टॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’. आता दोन्ही घरबसल्या बघता येतात. पण क्लास, परीक्षा, लग्नं आणि शेताच्या चकरा यातून घरची सगळी माणसं एकत्र टेकतात ती एखाद्या रविवारी, जेवणं उरकल्यावर. त्या एका रात्रीसाठी कुठला निवडायचा, हे घरात कोण आहे त्यावर ठरतं.

घरात लहान पोरं आणि आजी-आजोबा असतील तर डोळे झाकून ‘फॅन्टॅस्टिक फोर’ लावा. एक तर १ तास ५५ मिनिटांत आटपतो. दुसरं, आधीचं काहीही माहीत असावं लागत नाही. सुरुवातीलाच एका टीव्ही कार्यक्रमातून हे चौघं कोण, त्यांना शक्ती कशी मिळाली, सगळं कळतं. नवरा, बायको, तिचा धाकटा भाऊ आणि दगडाच्या अंगाचा मित्र, सगळे एकाच घरात राहणारे. मग ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येतो आणि म्हणतो, तुमचं होणारं बाळ द्या, पृथ्वी सोडतो. आजीला इथे काही समजावून सांगावं लागणार नाही. एकचक्रा नगरीतला बकासुर तिला ठाऊक आहे, आणि घरातलं माणूस मागणाऱ्या राक्षसापुढे आईचं काय होतं, हेही.

दिसायलाही हा सिनेमा फार देखणा आहे. साठच्या दशकातलं न्यूयॉर्क, पण उडत्या गाड्यांचं. हे श्रेय मुळात कॉमिक्सचा चित्रकार जॅक कर्बी याचं. लेखक स्टॅन ली आणि कर्बीनं १९६१मध्ये ही कॉमिक मालिका सुरू केली, पहिले १०२ अंक कर्बीनं सलग काढले आणि गॅलॅक्टसही १९६६चा, ४८ ते ५० या अंकांतला. मार्व्हलच्या गोष्टींत अनेक समांतर पृथ्वी असतात; या सिनेमातल्या पृथ्वीचा क्रमांक ८२८ आहे, तो कर्बीच्या २८ ऑगस्ट या वाढदिवसावरून. ज्या माणसाच्या रेषांवर मार्व्हलचं एवढं मोठं साम्राज्य उभं राहिलं, त्याला असा मान मिळालेला बघून मला फार बरं वाटलं. लहानांच्या दृष्टीनं एकच सांगतो: पाठलाग चालू असताना यानातच बाळंतपण होतं, तिथे प्रश्न विचारले जातील.

‘सुपरमॅन’ २ तास ९ मिनिटांचा आहे आणि थांबून काही सांगत नाही. सुपरमॅन तीन वर्षं काम करतोय आणि आत्ताच पहिली लढाई हरलाय, इथून गोष्ट सुरू होते. पाठोपाठ ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल, मिस्टर टेरिफिक हे आणखी सुपरहिरो. मधल्या भागात तर ज्येष्ठ मंडळी हमखास हरवतात. आणि आईवडिलांनी आधीच जाणून घ्यावं असं एक दृश्य आहे: खलनायक लेक्स लूथर एका साध्या खाद्यविक्रेत्याच्या डोक्याला पिस्तूल लावतो आणि शेवटी गोळी सुटते. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या लेकराला ते दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण घरात आठवीच्या पुढची मुलं असतील तर मी हाच लावेन. पत्रकार लोइस तिच्या प्रियकराची, क्लार्कची, म्हणजे सुपरमॅनचीच मुलाखत घेते तो लांबलचक प्रसंग त्यांना नक्की धरून ठेवेल. दोन देशांतलं युद्ध तू कोणाला विचारून थांबवलंस, असं ती विचारते. लोक मरत होते, यापलीकडे त्याच्याकडे उत्तर नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. जेवणाच्या ताटावर वाद रंगावा असा हा विषय आहे.

आणि ती खार! शहरात अजस्र प्राणी धुडगूस घालतोय, इमारती हलतायत, आणि सुपरमॅन मध्येच वळून एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. परदेशात काहींना तो पोरकटपणा वाटला. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा होडीत आधी शेळीला घ्या म्हणून अडून बसलेली माणसं आपण पाहिलीत. आपल्याला ते पोरकट वाटणार नाही. सगळं बुडत असताना लहान जीवाकडे लक्ष असणं, हाच तर सुपरमॅन. १९३८मध्ये तो कॉमिक्समध्ये आला तेव्हापासून त्याचं बळ वाढत-घटत आलं, पण जेव्हा जेव्हा त्याची ही माया विसरली गेली तेव्हा तो कंटाळवाणा झाला. या सिनेमानं ती परत आणली, म्हणून दोन्हींत माझा कौल यालाच.

आजोबांनी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (म्हणजे फँटम) वाचला असेल तर त्यांना सुपरमॅनची लाल चड्डी जरूर दाखवा. अंगाला घट्ट पोशाख आणि वरून चड्डी ही वेताळाची १९३६ची ऐट, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधीची. आजोबांकडून त्यावर अर्ध्या तासाची गोष्ट मिळेल.

सिनेमानंतर पोरांनी वाचायला मागितलं तर ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटलीचं ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ हे कॉमिक द्या, १२ अंकांत पूर्ण होतं. त्यात एक मुलगी इमारतीच्या कठड्यावर उभी आहे, सुपरमॅन मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तिला जवळ घेतो. त्या पानावर मारामारी नाही. इंग्रजी जड जात असेल तर शेजारी बसून वाचून दाखवा, बारा वर्षांच्या पुढच्यांना चालेल. त्याहून लहानांसाठी कर्बीचे जुने अंक बरे, चित्रांवरूनच निम्मं कळतं.