जुनी ओम्नी गळतीये: सिलिकॉन मारू, पीयू भरू का रबरच बदलू?

आमची मारुती ओम्नी व्हॅन २००८ची आहे, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं टॉवेलचे गठ्ठे भरून विजापूर रोडला आणायला वापरतो. आता टॉवेल ही पाणी प्यायलाच जन्मलेली वस्तू, त्यामुळं गाडी गळतीये हे आम्हाला दोन पावसाळे कळलंच नाही बघा. फ्लोअरवर थेंब नसायचा, सगळं गठ्ठा पिऊन टाकायचा. मग एकदा गिऱ्हाईकापुढं गठ्ठा सोडला आणि पांढऱ्या टॉवेलवर तांबूस डाग, गंजाच्या पाण्याचा. तिथनं हे सगळं सुरू झालं.

लोक म्हणतात सोलापुरात पाऊसच किती, काय करायचंय एवढं. पण आपल्याकडंच जास्त त्रास आहे, कारण एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत रबर कडक होतं, सांध्यातला सीलर, म्हणजे फट बुजवायचा मसाला, वाळून त्याला भेगा पडतात, आणि मग सप्टेंबरात परतीचा पाऊस एकदम कोसळतो. गाडी आठ महिने तापते आणि दोन तासात सगळं उघडं पडतं. त्यात ओम्नी २०१९ला बंद झाली, म्हणजे आता रस्त्यावरची सगळ्यात तरुण ओम्नीपण काय तरुण राहिलेली नाय.

आधी शोधायचं कसं ते. पाणी जिथं पडतंय तिथनं येत नाही हे पहिलं डोक्यात घ्या. आमच्यात डाग मागच्या चाकाच्या वरच्या बाजूला होता आणि भोक निघालं पार पुढं, ड्रायव्हरच्या डोक्यावर. पत्रा आणि छताच्या अस्तराच्या मधनं पाणी सरकत जातं आणि गाडी उतारावर लावलेली असेल तर उताराकडं गळतं.

पाईपनं पाणी मारणं ही सगळ्यात खात्रीची पद्धत. पण खालनं वर जायचं, आधी दाराची खालची बाजू, मग काच, मग छत, प्रत्येक ठिकाणी आठ-दहा मिनिटं हळू धार आणि आत कोणीतरी बॅटरी घेऊन. आमचा भाचा बसला होता, पंधराव्या मिनिटाला ओरडला, "मामा, इथनं येतंय की ओ!" वरनं सुरुवात केली तर पाणी सगळीकडनं ओघळतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर अजिबात नको, तो चांगल्या रबरातनंपण पाणी आत घालतो.

आता अडचण अशी की आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, ते गाडीवर ओतलं तर घरात कोण बोलू देणार नाही. त्याला पर्याय म्हणजे साबणाचं पाणी. सगळ्या काचा बंद, एका काचेच्या फटीत पुठ्ठा लावून टेपनं पॅक करायचा, त्यातनं धूळ उडवायचा ब्लोअर आत सोडायचा, आणि बाहेरनं स्प्रेच्या बाटलीनं साबणपाणी मारत फिरायचं. जिथनं हवा निघते तिथं फुगे येतात. एक तांब्याभर पाण्यात काम होतं, काचेच्या रबराची आणि छताच्या सांध्याची बारीक भोकं पटकन सापडतात. पण दाराच्या आतला घोटाळा ह्यात दिसत नाही. दारात काचेच्या कडेनं पाणी जाणारच, गाडी तशीच बनवलेली असते, ते खालच्या बारीक भोकांतनं बाहेर पडायचं असतं. ती भोकं मातीनं बुजली किंवा दाराच्या आतल्या पॅडमागचं प्लास्टिक फाटलं की पाणी आत येतं. म्हणून आधी एक तार घेऊन ती भोकं मोकळी करा, फुकटचं काम आहे, आणि बऱ्याच जणांची गळती तिथंच संपते.

दाराच्या रबरासाठी कागदाची ट्रिक पुरे. पेपरची पट्टी मधे धरून दार लावायचं आणि ओढायची. अडकली तर रबर दाबतंय, सुळ्ळकन आली तर नाही.

आता मुख्य विषय, भरायचं कशानं.

सिलिकॉन. सगळे हेच मारतात, कारण हार्डवेअरच्या दुकानात ट्यूब मिळते, स्वस्त आहे आणि संध्याकाळपर्यंत काम झाल्यासारखं दिसतं. माझं मत सरळ सांगतो, गाडीच्या पत्र्यावर सिलिकॉन नको. एकतर साधं सिलिकॉन, ज्याचा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरायला मदतच करतं. न्यूट्रल म्हणून मिळतं त्यात तो प्रॉब्लेम नाही, पण दुसरा आहेच, सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही. रंग नाही, दुसरा सीलर नाही, नवीन सिलिकॉनपण धड नाही. आमच्या गाडीत आधीच्या मालकानं गटारीत, म्हणजे छताच्या कडेच्या पन्हाळीत, बोटानं थापून ठेवलं होतं. ते एका बाजूनं सुटलं होतं आणि त्याच्या खाली पाणी साठून राहायचं, उन्हात वाळायचंपण नाही. काढायला पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरचाचांनी अख्खा दिवस घेतला, ब्लेडनं खरडा, थिनरनं पुसा, परत खरडा. चाचा म्हणाले, "ट्यूब दोनशेची असेल बेटा, पण काढायची मजुरी दे की आता." दिली.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन सीलर. बॉडीवाले हे वापरतात, राखाडी, पांढरा, काळा मिळतो. सिलिकॉनपेक्षा महाग, पण पत्र्याला घट्ट धरतो, हलणाऱ्या सांध्याबरोबर ताणला जातो आणि वरनं रंग मारता येतो. रंग मारायचाच, कारण नुसता ठेवला तर आपल्या उन्हात वरनं भुसभुशीत होतो. हा हवेतल्या दमटपणावर वाळतो, त्यामुळं जाड थर द्यायचा नाही आणि घाई करायची नाही, दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आतपर्यंत पक्का होतो, कोरड्या हवेत तर त्याहून कमी. पन्हाळीच्या सांध्याला माझ्या मते ह्याच्याशिवाय दुसरं काही नको. फक्त जुना सीलर खरवडून, गंज घासून, प्रायमर मारून मगच. गंजावर मारलं तर सीलर गंजाला चिकटतो आणि गंज पत्र्यापासनं सुटतो, झालं.

आणि एक, पन्हाळीला पकडणारं छतावरचं कॅरियर. त्याचे क्लॅम्प जिथं आवळतात तिथंच सीलर चिरडतो. आमचं मेन भोक बरोबर पुढच्या क्लॅम्पच्या खालीच होतं. कॅरियरची खरंच गरज नसेल तर पीयू भरायच्या आधी उतरवून टाका, लागतच असेल तर क्लॅम्पखाली रबराचा तुकडा घाला.

ब्युटाईल, म्हणजे रबरी सीलर. हा कधीच वाळत नाही, च्युइंगमसारखा चिकट राहतो, आणि तोच त्याचा गुण. टेल लॅम्पच्या मागं, अँटेनाच्या खाली, जिथं दोन वस्तू स्क्रूनं आवळल्या जातात आणि उद्या परत काढाव्या लागतील तिथं हाच. उघड्यावर ठेवला तर धूळ धरून काळा होतो. वरनं ॲल्युमिनियमचा कागद असलेली ब्युटाईल टेपपण मिळते, ती भर पावसात आठवडाभर निभावून न्यायला एकदम भारी, पण कायम ठेवू नका, खाली पत्रा गुपचूप सडतो. दोन पुड्या मळून लावायची इपॉक्सी भोकात ठीक, सांध्यात नाही, दगडासारखी होते आणि गाडी हलली की तडकते.

राहिलं पुढच्या काचेचं रबर. ओम्नीची काच चिकटवलेली नसते, रबरात बसवलेली असते. रबर अजून मऊ असेल, नखानं दाबल्यावर परत वर येत असेल, तर बदलू नका, रबराची कड, म्हणजे ओठ, उचलून आत न वाळणारा काळा मस्तकी सीलर भरा, काच आणि रबराच्या मधे आणि रबर आणि पत्र्याच्या मधे, दोन्हीकडं. कोपऱ्यात भेगा असतील तर मात्र नवीनच. बसवणारा माणूस रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी घालतो, साबणपाणी लावतो, बाहेरनं एकजण तळहातानं काच थापटतो आणि आतनं दुसरा दोरी ओढत जातो, तसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटा होत बसतो. हे घरी करू नका, कोपऱ्यात काच जाते. आणि जुनं रबर निघालं की खालचे दोन कोपरे स्वतः वाकून बघा. तिथं पत्रा खाल्लेला असेल आणि त्यावर तसंच नवीन रबर चढवलं तर पैसे गेले, गळती तशीच.

मग कोणी काय करावं? दोन-चार महिन्यांत गाडी विकायची असेल तर दाराची भोकं मोकळी करा, काचेला मस्तकी भरा, बास. पाच वर्षं वापरायची असेल तर पीयू, आणि ते उन्हाळ्यात करा, पत्रा हाडासारखा कोरडा असतो तेव्हा. पन्हाळीत स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत जात असेल तर कुठलाच सीलर कामाचा नाही, तिथं पत्रा कापून नवीन तुकडा वेल्डिंग करावा लागतो आणि मग गाडीची किंमत आणि कामाचा खर्च समोरासमोर ठेवून बघा. आमच्यात एका जागी दोन बोटं पत्रा बदलावा लागला, बाकी पीयूवर भागलं.

ह्या वेळच्या पावसात छत कोरडं राहिलं. सरकत्या दाराचं रबर अजून बाकी आहे, कागद सुळ्ळकन निघतोय, म्हणून सध्या त्या बाजूला गठ्ठा लावत नाही, स्टेपनी ठेवतो.