रेषा की बारा निर्देशक?

दारिद्र्य मोजायचं कसं, यावर धोरण फिरतं. एक वाट वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांची, 1971 ची: माणशी रोज 2,250 उष्मांक मिळवायला किती खर्च येतो ते पाहा; तेवढाही खर्च न झेपणारा दारिद्र्यरेषेखाली. बदलत बदलत ती तेंडुलकर समितीपर्यंत आली. 2011-12 साठी खेड्यातली रेषा माणशी महिना 816 रुपये खर्चाची. दुसरी नीती आयोगाची, 2021 पासूनची: घरात कशाकशाची वानवा आहे ते पाहणारे पोषण, शाळा, पाणी, इंधन असे 12 निर्देशक.

आता आपल्या नाशिकचंच बघा. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरीला द्राक्षाच्या थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) आलेली बाई. पाहणीवाले हंगामात भेटले तर हातात मजुरी, म्हणजे ती रेषेच्या वर. पण घरी चूल लाकडाची आणि उन्हाळ्यात हंड्याची एक खेप अर्ध्या तासाहून जास्त. निर्देशकांत हे दिसतं, गॅस द्यायचा की नळ तेही कळतं. माझा कौल तिकडेच. (बँक खातंही त्यात मोजतात. शिल्लक किती, ते मात्र कोण विचारतो!)

हंगामानंतरचे रिकामे महिने दोन्हींतून निसटतात. ते रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांनी हेरले होते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात 1977 मध्येच झाला. देशपातळीवर मात्र 2005 उजाडलं.