पन्नास रुपयांचा स्टिकर

माझ्या बी.एस्सी.च्या पदवी प्रमाणपत्राच्या पाठीवर एक स्टिकर आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, अगदी अस्सल. त्यावरचा क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकला की माझ्या नावासकट नोंद दिसते. सरकारी शुल्क पन्नास रुपये. मी एजंटला मोजले साडेसहा हजार. जर्मनीच्या व्हिसासाठी असे सहा स्टिकर घेतले आणि त्यातला एकही कामाला आला नाही.

खोटे शिक्के, खोटी नेमणूकपत्रं, पैसे घेऊन पळालेले एजंट यांच्याबद्दल आपण वाचत असतो. माझ्या बाबतीत तसलं काहीच घडलं नाही, म्हणून हे लिहितेय. एक लबाडी सोडली तर माझ्या एजंटने मला सगळ्या खऱ्या वस्तू विकल्या. फक्त त्या मला नको होत्या.

2019 ची गोष्ट. मी पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करत होते, शेवटचं सेमिस्टर. जानेवारीत आमचं लग्न झालं, विशेष विवाह कायद्याखाली. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, आणि बाहेर येऊन अमृततुल्य. नवरा जर्मन. दहा दिवसांनी तो परत गेला आणि मी पुन्हा प्रयोगशाळेत बसले, दख्खनच्या बेसाल्ट दगडाच्या चकत्या घासत. मे महिन्यात तोंडी परीक्षा, त्याआधी प्रबंध, मध्येच मार्चला व्हिसासाठी लागणारी जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची परीक्षा. व्हिसाचे कागद कधी करणार? घरात सगळ्यांच्या तोंडी हाच प्रश्न.

वर्गातल्या मैत्रिणीच्या आतेभावाने एका एजंटचं नाव सुचवलं. दुसऱ्या मजल्यावर छोटं ऑफिस, भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या. माणूस पन्नाशीचा, शांत, अजिबात घाई न करणारा. मी नि बाबा गेलो. त्याने पाणी दिलं, माझा विषय विचारला, बेसाल्टबद्दल दोन प्रश्नही विचारले. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं हे शेवटचं सेमिस्टर आहे. तुम्ही परीक्षेवर लक्ष द्या, कागदांचं आम्ही बघतो." मला नेमकं हेच वाक्य हवं होतं. आईला तर घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा हायसं वाटलं.

मग त्याने विचारलं, ए-वनचं काय? परीक्षा न देता प्रमाणपत्र मिळू शकतं, पस्तीस हजार. मी ताडकन नाही म्हटलं. आमच्या जर्मनच्या बाईंनी वर्गात बजावून सांगितलं होतं की अर्ज द्यायला गेल्यावर खिडकीपलीकडून दोन-चार प्रश्न जर्मनमधूनच येतात, तिथे कागद बोलत नाही. तो हसून म्हणाला, "आग्रह नाही. उलट मला तुमचं कौतुक वाटतं."

इथे मी फसले, असं मला आता वाटतं. उघड खोटं नाकारलं, म्हणजे आपण सावध आहोत, अशी माझी माझ्याबद्दल खात्री पटली. त्यानंतर त्याने जे जे सांगितलं ते मी तपासलंच नाही.

त्याने सांगितलं अपोस्टिल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपला दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून आधी राज्य सरकारकडून साक्षांकन करून घ्यायचं, मग परराष्ट्र मंत्रालय कागदाच्या मागे स्टिकर लावतं. 1961 च्या हेग कराराप्रमाणे सदस्य देश एकमेकांचे असे कागद पुढची तपासणी न करता स्वीकारतात. भारत त्यात 2005 साली आला. एजंटने मोबाईलवर सदस्य देशांची यादी उघडून माझ्यापुढे धरली. बोट फिरवत फिरवत दाखवलं: हा जर्मनी, हा भारत. दोन्ही नावं होती. आजही आहेत.

त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, ती त्याने दाखवली नाही. भारत करारात आला तेव्हा जर्मनीने त्यावर आक्षेप नोंदवला. त्यामुळे दोघे सदस्य असूनही भारत आणि जर्मनी यांच्यात हा करार लागू झाला नाही. भारतीय कागदावरचं अपोस्टिल जर्मन कार्यालयाच्या लेखी नसल्यासारखंच. कागद तपासायचा झाला तर जर्मन दूतावास आपल्या विश्वासातल्या वकिलामार्फत थेट मूळ कार्यालयात जाऊन नोंद पडताळून घेतो. त्याचा खर्च वेगळा, वेळ वेगळा, आणि ते तिकडच्या कार्यालयाने मागितलं तर. हे सगळं वाणिज्य दूतावासाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. मी ते उघडून पाहिलं नव्हतं. दगडाची चकती सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघणारी मुलगी दोन पानं वाचत नाही, म्हणजे कमाल आहे.

आणखी एक गोष्ट लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. नवऱ्याने फोनवर सांगितलं होतं. तो त्याच्या गावच्या नोंदणी कार्यालयात सहज चौकशी करायला गेला होता, तिथल्या बाई म्हणाल्या, भारताचं अपोस्टिल आम्ही घेत नाही. मी त्याला म्हटलं, "तुला इकडचं काही कळत नाही. इथे असंच असतं, आधी सगळे शिक्के मारून ठेवायचे." तो गप्प बसला. नवीन लग्न, त्यालाही वाद नको होता.

हिशेब असा झाला. जन्मदाखला, दहावी, बारावी, बी.एस्सी.ची पदवी, एम.एस्सी.च्या आधीच्या सेमिस्टरची गुणपत्रिका आणि विवाह प्रमाणपत्र. सहा कागद, प्रत्येकी साडेसहा हजार, एकोणचाळीस हजार. फाईल चार्ज पंधरा हजार. शिवाय 'एम्बसी फी' पंचाहत्तर युरो, म्हणजे त्याच्या भाषेत सहा हजार, रोख. साठ हजार रुपये. लग्नाचा खर्च वाचला म्हणून बाबांनी जी रक्कम बाजूला ठेवली होती, त्यातून गेले. पावती चोपन्न हजारांची मिळाली, वर लिहिलेलं 'डॉक्युमेंटेशन सर्व्हिसेस'. सहा हजारांची पावती मागितली तर म्हणाला, ती तिकडून येते.

मूळ कागद सगळे त्याच्याकडे दिले. पोच म्हणून त्याने एका चिठ्ठीवर 'सहा डॉक्युमेंट्स मिळाली' असं लिहिलं. कोणती ते नाही.

मार्चमध्ये बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत नाव सांगून त्याची अक्षरं एकेक करून सांगावी लागतात. माझ्या आडनावात इंग्रजी 'जे' (J) हे अक्षर आहे, जर्मनमध्ये त्याला योट म्हणतात. घरी भांडी घासतानासुद्धा मी योट योट करत होते. शंभरात साठला पास, मला बरेच जास्त मिळाले. या सगळ्या प्रकरणात सरळ वाटेने झालेलं काम तेवढं एकच. खर्च झाला तो फीचा, आणि फीची पावती होती.

एप्रिलच्या शेवटी चार कागद परत आले, मागे स्टिकर लावून. बाकीचे दोन, म्हणजे जन्मदाखला आणि पदवी, 'दिल्लीत अडकलेत' असं कळलं. मी प्रबंधाच्या छपाईत होते. अडकले असतील, म्हटलं.

जूनमध्ये मुंबईला अर्ज द्यायला गेले. पहाटेची गाडी, हातात फाईल, आतले कागद त्याने लावून दिलेल्या क्रमाने. खिडकीपलीकडच्या बाई मराठीच होत्या. त्यांनी दहावीचं प्रमाणपत्र बाजूला ठेवलं. बारावीचं बाजूला ठेवलं. गुणपत्रिका बाजूला ठेवली. म्हणाल्या, "हे कुणी मागितलं? पत्नीच्या व्हिसाला शिक्षणाचे कागद लागत नाहीत." विवाह प्रमाणपत्र उलटं केलं, स्टिकरवर बोट ठेवलं. "आणि हे कशाला केलंत? जर्मनीला चालत नाही हे." आवाजात राग नव्हता, रोज कुणाला तरी हेच सांगत असल्यासारखा होता. मग मी फीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, नवरा जर्मन नागरिक आहे ना? मग या व्हिसाला शुल्क नाही.

पंचाहत्तर युरो ही रक्कम त्याने हवेतून काढली नव्हती, हे नंतर कळलं. दीर्घ मुदतीच्या व्हिसाला तेवढीच फी असते. फक्त जर्मन नागरिकाच्या पती-पत्नीला ती माफ आहे. हीच ती एक लबाडी, आणि तीही खऱ्या आकड्याच्या आडोशाला.

पुढच्या महिन्याभराचं मी थोडक्यात सांगते, कारण आठवून अजून डोकं फिरतं. फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, काम तर केलंय, स्टिकर आहेत ना? उरलेले दोन कागद मागितले तर 'क्लोजिंग चार्जेस' बारा हजार. म्हणजे माझी पदवी आणि माझा जन्म त्याच्या ड्रॉवरमध्ये, आणि ते सोडवायचे तर बारा हजार.

बाबा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "स्टिकर खोटे आहेत का?" नाही. "पावती दिलीय का?" दिलीय. "त्यात जर्मनीचं नाव आहे का?" नाही. "मग ताई, मी काय लिहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा मात्र म्हणाले, मूळ कागद अडवून पैसे मागतोय, तेवढं लिहा. तो मुद्दा साहेबांनी लगेच उचलला. तक्रार अर्ज घेतला, आमच्यासमोर फोन लावला, आवाज चढवलाही नाही. संध्याकाळी सहा वाजता एक मुलगा स्कूटरवर येऊन पाकीट देऊन गेला. दोन्ही कागद आत होते, मागे स्टिकर. तारीख एप्रिलची. दिल्लीत ते कधी अडकलेच नव्हते.

पैशांसाठी ग्राहक मंचात जाता आलं असतं, दोन वर्षांची मुदत असते. सप्टेंबरमध्ये मी निघाले. बाबांना एकट्याने तारखांना फिरवायचं माझ्या जिवावर आलं, आणि ते म्हणाले, जाऊ दे. तुमची मुदत शिल्लक असेल तर जाऊ देऊ नका. पावतीवर काम आणि देश दोन्ही लिहून घ्या, नाहीतर आमच्यासारखं होतं. आणि मूळ कागदांच्या पोचेवर एकेक कागदाचं नाव नि क्रमांक, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

काहीजणी विचारतात, मग एजंटकडे जायचंच नाही का? माझ्या ओळखीत जाऊन नीट काम झालेल्याही आहेत. पण जाण्याआधी आपल्याला कोणता व्हिसा हवाय, त्याची कागदांची यादी वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावरून स्वतः छापून घ्या आणि ती त्याच्या टेबलावर ठेवून विचारा, यातलं तुम्ही काय करणार. यादीबाहेरचं काही सांगितलं तर कुठे लिहिलंय ते दाखवायला लावा. शिकायला जाणाऱ्यांची यादी वेगळी, नोकरीवर जाणाऱ्यांची वेगळी, लग्नाची वेगळी. नेदरलँड्सला गेलेल्या मैत्रिणीला जे लागलं ते तुम्हाला लागेलच असं नाही. आणि तिकडच्या माणसाला तिकडच्या कार्यालयात जाऊन विचारायला सांगा. त्याने सांगितलेलं ऐका.

माझी पदवी पुढे इथे जर्मनीत कामाला आली, नोकरीसाठी. इथल्या कार्यालयातल्या बाईंनी विद्यापीठाचं नाव त्यांच्या संगणकावरच्या यादीत शोधलं, गुणपत्रिका पाहिली. प्रमाणपत्र उलटं केलं, स्टिकर बघितला, हे काय म्हणून विचारलं. मला जर्मनमध्ये पटकन सांगता आलं नाही. त्यांनी कागद सरळ केला नि पुढे गेल्या.

त्या माणसाचा नंबर मी मुद्दाम ठेवलाय. दर दिवाळीला त्याच्या शुभेच्छा येतात, पणतीचं चित्र, खाली जाहिरात: सर्व देशांसाठी अपोस्टिल. देशांची नावं दिलेली असतात. जर्मनी तिसरा.